भंगाराच्या ट्रकमधला किरणोत्सर्गी स्रोत शोधताना

वजनकाट्याजवळच्या खांबांत बसवलेला पोर्टल मॉनिटर वाजला, की एवढंच कळतं: या ट्रकमधून नेहमीपेक्षा जास्त किरणोत्सर्ग येतो आहे. काय आहे, कुठे आहे आणि किती आहे, यातलं काहीही तो सांगत नाही. त्याच्या पोटात प्लास्टिक सिंटिलेटरच्या (किरण शिरला की प्रकाश देणाऱ्या प्लास्टिकच्या) मोठ्या लाद्या असतात. त्या पटकन जाग्या होतात, पण ऊर्जा नीट मोजू शकत नाहीत. पुढचं सगळं काम हातातल्या यंत्रांनी आणि डोक्याने करायचं असतं. जालन्यासारख्या ठिकाणी सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावरच चालतात, त्यामुळे तिथे हे काम गेटवरच पुरं व्हायला हवं. स्रोत एकदा भट्टीत गेला की तो सगळ्या मालात मिसळतो.

पहिली गोष्ट म्हणजे चालकाला खाली उतरवून ट्रक पुन्हा एकदा माणसाच्या चालीने खांबांमधून न्यायचा. दुसऱ्या फेरीला दुसरा चालक बसवायचा. मूळ चालक लांब उभा असताना गजर वाजला नाही, तर किरणोत्सर्ग त्याच्या शरीरातूनच येत असू शकतो. थायरॉइडवर आयोडीन-१३१ घेतलेला किंवा टेक्निशियम-९९एमने हाडांचा स्कॅन केलेला माणूस पोर्टल सहज वाजवतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणांहून उपचार घेऊन असे रुग्ण रोज घरी जातात. हाताच्या यंत्रावर ३६४ किंवा १४० केईव्हीचं (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं एकक; पहिली ऊर्जा आयोडीनची, दुसरी टेक्निशियमची) एकटं शिखर दिसलं की प्रश्न मिटला. अशा माणसाशी आदराने बोलावं, रुग्णालयाचं कार्ड बघावं आणि त्याला जाऊ द्यावं.

गजर मालाचाच असेल तर ट्रक आवाराच्या कडेला, लोकांपासून दूर उभा करायचा आणि यंत्रं बाहेर काढायची. आमच्या पेटीत तीन प्रकारची यंत्रं असतात. एक, गायगर नळीचं, लांब दांड्याचं, मोठ्या रेंजचं डोस मीटर. दोन, सोडियम आयोडाइड स्फटिकाचं, स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा आले याचा आलेख) घेणारं यंत्र, त्यातच हीलियम-३ची न्यूट्रॉन नळी. तीन, प्रत्येकाच्या खिशाला गजर असलेला इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर. छातीवर टीएलडी बॅज (मिळालेला डोस साठवून ठेवणारा बिल्ला) असतोच, पण त्याचा आकडा नंतर कळतो. शिवाय त्यातल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या गॅमा आणि बीटा मोजतात, न्यूट्रॉन नव्हे. न्यूट्रॉन स्रोताची शक्यता असलेल्या कामाला सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकचा वेगळा बॅज लागतो.

ट्रककडे जाण्याआधी बॅकग्राउंड (त्या जागचा नेहमीचा पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग) घ्यायचं, आणि ते ऑफिसात नव्हे, तर आवारातच, ट्रकपासून ३०-४० मीटरवर. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम कमी असल्याने इथली पार्श्वभूमी ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कमी असते. केरळच्या थोरियम असलेल्या मोनाझाइट वाळूवर ती याच्या कित्येक पट असते. म्हणून दुसऱ्या गावचा आकडा इथे चालत नाही. अजून एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०-२५ टन लोखंड भरलेला ट्रक स्वतःच जमिनीतून येणारा किरणोत्सर्ग अडवतो. त्यामुळे स्वच्छ ट्रकजवळ आकडा बॅकग्राउंडपेक्षा कमी यायला हवा. तो बॅकग्राउंडइतकाच आला, तरी आत काहीतरी असू शकतं.

त्याच वेळी ऊर्जेचं कॅलिब्रेशन तपासून घ्यायचं. त्यासाठी परवान्याचा स्रोत जवळ असलाच पाहिजे असं नाही. म्युरिएट ऑफ पोटॅशची ५० किलोची खताची गोणी उत्तम चालते. तिच्यात पोटॅशियम-४०चे सुमारे पावणेआठ लाख बेकेरेल (सेकंदाला तेवढी विघटनं) असतात आणि १४६१ केईव्हीचं शिखर काही मिनिटांत वर येतं. खालच्या आणि अगदी वरच्या टोकासाठी पेट्रोमॅक्सच्या जुन्या थोरियमच्या जाळ्या: २३९, ९११ आणि २६१४ केईव्ही. हल्लीच्या बऱ्याच जाळ्यांत थोरियम नसतो, तेव्हा जुनं पाकीट सांभाळून ठेवावं.

हे सगळं करावं लागतं ते तापमानामुळे. गॅमा शिरल्यावर सोडियम आयोडाइड देतं तो प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायर नळी त्याचा संकेत जितक्या पट वाढवते ती वाढ, दोन्ही तापमानाबरोबर बदलतात. एसीतून काढलेलं यंत्र मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्याजवळ नेलं, की शिखरं सरकू लागतात. यंत्र आपोआप सावरतं हे खरं, पण त्याला वेळ लागतो. तोवर ६६२ केईव्हीची रेषा ६४० ला दिसली, तर यंत्र भलतंच नाव सांगतं. म्हणून यंत्र आधी अर्धा तास सावलीत, बाहेरच्या हवेत ठेवायचं, मग गोणीवर धरून १४६१ तपासायचं आणि काम लांबलं तर मध्ये पुन्हा तपासायचं. झटक्यात तापवलं किंवा थंड केलं तर स्फटिकाला तडा जातो, आणि त्याच्या डबीत ओल शिरली तर तो पिवळा पडून निकामी होतो.

ट्रककडे जाताना हातात डोस मीटर असतं, स्पेक्ट्रमचं यंत्र नाही. यंत्र चालू करूनच चालायला लागायचं, सर्वांत मोठी रेंज आधी. गायगर नळी फार तीव्र क्षेत्रात गुदमरते आणि काही साध्या मीटरांवर आकडा वाढण्याऐवजी शून्याकडे पडतो. वाढत गेलेला आकडा अचानक कोसळला, तर तो दिलासा मानू नये, मागे फिरावं. ट्रकच्या बाजूपासून १ मीटरवर १०० मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) प्रतितास दिसले, की तिथेच थांबायचं, दोरी बांधायची आणि तज्ज्ञांना बोलवायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनात पहिल्या प्रतिसादासाठी हीच रेषा आहे. तिच्या आत शोधाशोध करणं गेटवरच्या माणसाचं काम नाही.

आकडा त्याखाली असेल तर ट्रकच्या दोन्ही बाजूंवर खडूने अर्ध्या मीटरचे चौकोन आखायचे आणि प्रत्येकासमोर यंत्र पत्र्यापासून सारख्याच अंतरावर १० सेकंद स्थिर धरायचं. घाईत हात फिरवला तर मीटरचा आकडा हाताच्या मागे राहतो आणि स्रोत असतो त्याच्या पुढे अर्धा मीटर खूण पडते. आकडे सगळ्या लांबीवर सारखेच वाढलेले दिसले, तर बहुधा नैसर्गिक माल असतो: फर्नेसच्या जुन्या विटा, झिरकॉनची सिरॅमिक, माती. एकाच जागी टोक दिसलं तर ती वस्तू आहे.

ती किती आत आहे हे काढायची एक सोपी रीत आहे. टोकासमोर पत्र्याला लागून एक आकडा घ्यायचा आणि सरळ १ मीटर मागे येऊन दुसरा. दोन्हींतून बॅकग्राउंड वजा करायचं. समजा ४० आणि १० आले. गुणोत्तर ४, त्याचं वर्गमूळ २, म्हणजे दुसऱ्या जागेचं अंतर पहिल्याच्या दुप्पट. अर्थात स्रोत पत्र्यापासून १ मीटर आत आहे. मधलं लोखंड दोन्ही वेळा तेच असल्याने ते गुणोत्तरात येत नाही. हेच दुसऱ्या बाजूने केलं, की दोन अंतरांच्या बेरजेवरून हिशोब पक्का होतो. तीव्रतेचा अंदाज मात्र नेहमी किमानच धरायचा. उघड्या सीझियम-१३७च्या १ गिगाबेकेरेलला (एक अब्ज बेकेरेलला) १ मीटरवर सुमारे ९० मायक्रोसिव्हर्ट प्रतितास मिळतात आणि कोबाल्ट-६०च्या तेवढ्याच मात्रेला सुमारे ३५०. मध्ये पोलाद असेल तर सीझियमच्या गॅमाचा पातळ झोत साधारण १२ मिलिमीटरला निम्मा होतो. बाहेर १८ दिसतात म्हणून आत ०.२ गिगाबेकेरेल आहे, असं कधीही लिहू नये. ‘किमान ०.२’ असं लिहावं.

आता स्पेक्ट्रम. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या बहुतेक वेळा जवळ जाण्याच्या हौसेने होतात. यंत्र टोकाला चिकटवलं तर डेड टाइम (आधीचा गॅमा मोजण्यात गुंतल्याने यंत्र नवा घेत नाही तो वेळ) वाढतो, दोन गॅमा एकाच वेळी आत शिरून त्यांच्या ऊर्जा बेरीज होऊन दिसतात आणि शिखरं जाड होतात. आम्ही डेड टाइम २० टक्क्यांच्या खाली येईल इतकं मागे सरकतो. यंत्र तिपाईवर ठेवायचं आणि ३०० सेकंद हलवायचं नाही. ६० सेकंदांतही नाव येतं, पण त्या नावावर ट्रकचं भवितव्य ठरवू नये.

पडद्यावर ‘सीझियम-१३७, विश्वास ९’ असं आलं की काम झालं असं वाटतं. नाही. यंत्र आपल्या पोटातल्या यादीशी शिखरं जुळवतं. यादीत नसलेली वस्तू ते जवळच्या नावाला चिकटवतं. आपण रेषा स्वतः बघायच्या. सीझियमला ६६२ला एक शिखर, ४७७ जवळ कॉम्प्टनची कड (स्फटिकात ऊर्जेचा काही भागच सोडणाऱ्या गॅमांची वरची मर्यादा) आणि १८४च्या आसपास मागे विखुरलेल्या गॅमांचा उंचवटा. हा उंचवटा अनेकांना फसवतो, कारण युरेनियम-२३५ची १८६ आणि रेडियम-२२६चीही १८६ केईव्हीची रेषा तिथेच पडते. कोबाल्टला ११७३ आणि १३३२ अशी जोडी दिसलीच पाहिजे. एकच शिखर असेल तर ते कोबाल्ट नव्हे. इरिडियम-१९२ हे २९६ ते ३१६ दरम्यान एक रुंद गठ्ठा आणि ४६८ला दुसरा देतं. त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस असल्याने जुन्या भंगारात ते फारसं उरत नाही.

रेडियमची खरी ओळख १८६वर नाही, तर त्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या ‘मुलां’वर होते: लेड-२१४ची ३५२, बिस्मथ-२१४ची ६०९, ११२० आणि १७६४. सोडियम आयोडाइडचं वियोजन (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) ६६२ला सुमारे ७ टक्के, म्हणजे शिखर ४६ केईव्ही रुंद. ६०९ आणि ६६२ एकमेकांच्या अंगावर पडतात. अशा वेळी १७६४ला काही आहे का हे बघितलं की निर्णय होतो. तेलक्षेत्रातून आलेले पाइप असतील तर हा स्पेक्ट्रम हमखास दिसतो. पाइपच्या आतल्या पांढुरक्या बेरियम सल्फेटच्या थरात रेडियम साचलेलं असतं. असा माल पाइपभर पसरलेला असतो, एका बिंदूत नसतो, आणि त्याची धूळ उडवू नये.

लँथनम ब्रोमाइडचं यंत्र असेल तर वियोजन ३ टक्क्यांपर्यंत सुधारतं आणि ६०९-६६२ची गुंतागुंत सुटते. पण त्याच्या स्फटिकातच लँथनम-१३८ असतं. त्याचं शिखर १४६१च्या इतकं जवळ पडतं, की पोटॅशियम त्यात मिसळून जातं. पोटॅशच्या गोणीवर त्याचं कॅलिब्रेशन तपासताना हे डोक्यात ठेवावं लागतं. जर्मेनियमचं यंत्र सगळ्यांत तीक्ष्ण, पण ते थंड करावं लागतं, जड आणि महाग. गेटवर त्याची गरज क्वचितच पडते.

एक प्रकार मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. भंगारात कधी कधी रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्याचा (गॅमा किरणांनी धातूचं आतलं चित्र घेणाऱ्या यंत्राचा) नुसता डबा येतो, आत स्रोत नाही. तरी गजर वाजतो, कारण डब्याचं कवच क्षीण युरेनियमचं (युरेनियम-२३५ काढून घेतलेल्या युरेनियमचं) असतं. स्पेक्ट्रममध्ये ९८ केईव्हीच्या आसपासचे क्ष-किरण, ७६६ आणि १००१ केईव्हीची लहान पण ठाम शिखरं दिसतात. १००१ दिसली, तर डबा रिकामा आहे असं समजून कोणीही तो उघडू नये. आत स्रोत आहे की नाही हे स्पेक्ट्रम आणि डोसवरून आधी ठरवावं.

आता न्यूट्रॉनकडे. नैसर्गिक स्रोतांत गॅमा सगळीकडे आहे, न्यूट्रॉन जवळपास नाहीत. समुद्रसपाटीला ते चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे ०.०१ एवढेच. म्हणून न्यूट्रॉनचा खरा गजर दुर्मीळ असतो आणि त्याला खत, सिरॅमिक किंवा रुग्ण हे स्पष्टीकरण कधीच देता येत नाही. पण गजर खरा आहे हे आधी सिद्ध करावं लागतं.

हीलियम-३च्या नळीत मंद न्यूट्रॉन शिरला, की प्रोटॉन आणि ट्रिटॉन हे दोन कण सुटतात, ७६४ केईव्ही ऊर्जा वाटून घेतात आणि मोठी स्पंदना (विजेचा ठोका) येते. गॅमाच्या स्पंदना लहान असतात, त्या उंबरठ्याखाली टाकून देता येतात. तीव्र गॅमाक्षेत्रात मात्र लहान स्पंदना एकावर एक चढतात आणि न्यूट्रॉन म्हणून मोजल्या जातात. तपासायची रीत सोपी आहे: नळीसमोर १ सेंटिमीटर शिशाचा पत्रा धरायचा. गॅमा बराच कमी होतो, न्यूट्रॉनला शिशाचं काही वाटत नाही. पत्र्याने न्यूट्रॉनचे काउंटही पडले, तर ते न्यूट्रॉन नव्हते.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची. समजा आपल्या यंत्रावर न्यूट्रॉनचं बॅकग्राउंड ३०० सेकंदांत ३ काउंट आहे. ३० सेकंदांत ०.३. तेवढ्यात २ काउंट आले तर सातपट वाटतं, पण निव्वळ योगायोगाने असं २५-३० वेळांतून एकदा होणारच. दिवसभर ट्रक तपासणाऱ्याला हा अनुभव रोज येतो. ३०० सेकंदांत १२ आले तर मात्र योगायोगाची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी. म्हणून न्यूट्रॉनच्या बाबतीत घाई अजिबात करू नये, पूर्ण ३०० सेकंद द्यावेत. शिवाय तुलना रिकाम्या जागेशी नव्हे, तर तशाच लोखंडाने भरलेल्या दुसऱ्या ट्रकशी करावी. अंतराळातून येणारे कण जड धातूवर आदळून न्यूट्रॉन सोडतात, त्यामुळे शिसं किंवा लोखंडाचा ढीग स्वतःच काउंट थोडे वाढवतो.

यंत्र धरणाऱ्याचं शरीरही यात भाग घेतं. माणसात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजन जलद न्यूट्रॉनना मंद करून परत फेकतो. पोटाशी धरलेल्या यंत्राचे काउंट तिपाईवरच्या यंत्रापेक्षा वेगळे येतात. आम्ही न्यूट्रॉनचं मोजमाप तिपाईवरच घेतो आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगतो. हाच गुण उपयोगीही पडतो. यंत्र आणि ट्रक यांच्या मध्ये ५ सेंटिमीटर जाडीची पॉलिथिनची प्लेट ठेवली आणि काउंट वाढले, तर जलद न्यूट्रॉन येताहेत, म्हणजे स्रोताभोवती मेण-प्लास्टिकसारखं फारसं काही नाही. कमी झाले तर न्यूट्रॉन आधीच मंद झालेले आहेत. अर्धा मिलिमीटर कॅडमियमचा पत्रा मंद न्यूट्रॉन जवळपास सगळे अडवतो. तो नळीभोवती गुंडाळून फरक पाहिला की हे पुन्हा पडताळता येतं.

भंगारात न्यूट्रॉन येतो तो बहुधा रस्त्याच्या कामातल्या ओलावा-घनता मापकातून. त्यात साधारण ०.३ गिगाबेकेरेल सीझियम आणि १.५ गिगाबेकेरेल अमेरिशियम-बेरिलियम असतं. हा दुसरा स्रोत सेकंदाला सत्तर ते नव्वद हजार न्यूट्रॉन सोडतो. १ मीटरवर ते चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ०.६ होतात, बॅकग्राउंडच्या साठपटीच्या घरात, पण डोस जेमतेम १ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास. गॅमा मीटर घेऊन फिरणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. अमेरिशियमची ५९.५ केईव्हीची रेषा ५ मिलिमीटर पोलादातून शंभरातली एखादीच बाहेर पडते, आणि सीझियम कवचात बसलेलं असेल तर तेही गप्प. स्पेक्ट्रमचं यंत्र अशा स्रोताजवळ फार वेळ ठेवू नये. न्यूट्रॉन स्फटिकातल्या आयोडीनला सक्रिय करून आयोडीन-१२८ बनवतात आणि त्याचं अर्धायुष्य २५ मिनिटं असल्याने पुढचे दोन तास यंत्राचं स्वतःचं बॅकग्राउंड वाढलेलं राहतं.

जागा आणि नाव कळल्यावर माल उतरवायचा मोह होतो. चुंबकी क्रेनने ढीग ओरबाडणं ही सगळ्यांत वाईट पद्धत आहे, कारण कवच फुटलं की एका वस्तूचं प्रदूषण सगळ्या आवारात पसरतं. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली रुग्णालयाच्या सोडून दिलेल्या यंत्रातलं सीझियम असंच हातोहात पसरलं आणि ४ जण गेले. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठाच्या जुन्या गॅमा सेलमधलं (नमुन्यांवर गॅमाचा मारा करणाऱ्या संशोधनाच्या यंत्रातलं) कोबाल्ट भंगाराच्या दुकानात फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. आम्ही ट्रक तिथेच झाकून ठेवतो, दोरी बांधतो, आकड्यांचा नकाशा, स्पेक्ट्रमची फाइल आणि न्यूट्रॉनचे काउंट अणुऊर्जा नियामक मंडळाला मुंबईत अणुशक्तीनगरला पाठवतो. ट्रक विक्रेत्याकडे परत पाठवायचा नाही, कारण रस्त्यावर त्याच्याबरोबर कोणीही मीटर घेऊन नसतं. फाइलबरोबर बॅकग्राउंडचा स्पेक्ट्रम, यंत्राचं अंतर, घेतलेला वेळ आणि शेवटचं कॅलिब्रेशन जोडावं. हे नसेल तर पलीकडच्या तज्ज्ञाला नुसतं एक नाव मिळतं.

गेटवर चुकलेला स्रोत भट्टीत गेला, तर कोणता स्रोत कुठे जातो हे माहीत असावं. कोबाल्ट लोखंडातच राहतं. १९८४च्या जानेवारीत मेक्सिकोतल्या हुआरेझच्या भंगारातून बनलेली कोबाल्टयुक्त सळई अमेरिकेतल्या लॉस अलामोस अणुप्रयोगशाळेच्या दारावरच्या डिटेक्टरने पकडली, आणि २००८ साली फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत सापडलेलं कोबाल्ट भारतातून गेलेल्या पोलादातलं होतं. सीझियमची वाफ होऊन ते धुराच्या फिल्टरच्या धुळीत साचतं, म्हणून धुळीची पोती दर पाळीला मोजावीत. अमेरिशियम आणि रेडियम मळीत (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या स्लॅगमध्ये) जातात. प्रत्येक ओतणीच्या मळीचा नमुना पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन स्फटिकाच्या तोंडाशी ३०० सेकंद धरावा आणि ५९.५ला काही उभं राहतंय का ते पाहावं. ओतलेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर हे बघून उपयोग नाही, कारण आतला ५९.५ त्याच ठोकळ्यात अडतो.